गोळीचा सीमाप्रश्न

बेळगावात राहायचं तर पाटी वाचता आली पाहिजे. कन्नड अक्षरं केवढी, मराठी केवढी, हे आपण स्कूटर चालवता चालवता मोजतो. पण हीच नजर गोळीच्या पाकिटाकडे मात्र वळवू नका. तिथली अक्षरं मुंगीच्या पायाएवढी असतात, आणि वाचलीत तर घरातली शांतता जाईल.

शांतता आणायची कशी, ते सांगतो. घरात ऐंशी ओलांडलेली आज्जी आहे. विसरते. रात्री दोनला उठून "गुरं सोडली काय रे?" विचारते; गुरं विकून तीस वर्षं झालीत. अशा वेळी तिच्याजवळ बसायचं नाही. लघवीला जळजळतंय का, पोट साफ होतंय का, गुडघा ठणकतोय का, हे विचारत बसलात तर उत्तर सापडण्याचा धोका असतो. त्यापेक्षा सरळ मेडिकल गाठा. चिठ्ठी? शेजारच्या काकूंची गेल्या वर्षीची असेल की. "झोपेची द्या की ओ, पंचवीसवाली," म्हटलं की क्वेटियापिन हातात. ही मुळात स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारावरची गोळी. नुसत्या झोपेसाठी तिला मान्यता नाही. पण घरी हे बोलायचं नाही. "वेडाची गोळी" म्हटलं तर आज्जी थुंकून टाकेल. "नसांची" म्हणा. आपल्याकडे नसांच्या नावावर काहीही खपतं.

प्रत्येक औषधाला मान्यतेची एक हद्द असते. त्या हद्दीबाहेर लिहून देणं गुन्हा नव्हे. जाणता डॉक्टर कधी कधी देतोही. पण का देतोय ते घरच्यांना सांगून, कमीत कमी डोस, थोडे दिवस, आणि पुन्हा बोलावून बघतो. एवढा व्याप तुम्हाला कुठं झेपणार? आपल्या हद्दीचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. गोळी एका रात्रीत पलीकडे जाते, ना तारीख ना वकील.

कुणी शहाणा सांगेल की अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच या जातीच्या नव्या गोळ्यांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, झालेल्या म्हाताऱ्या माणसांवरच्या १७ चाचण्या तपासल्या होत्या. दहाएक आठवड्यांच्या चाचणीत औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के दगावले, खरी घेणाऱ्यांपैकी ४.५ टक्के. बरेचसे हृदयानं, नाहीतर न्यूमोनियानं. तीन वर्षांनी जुन्या गोळ्यांनाही तोच इशारा लागला. शहाण्याला चहा पाजा आणि सांगा, अमेरिका लांब आहे, मिरज जवळ. गोळीच्या गुंगीत आज्जी मोरीत घसरली आणि खुबा मोडला, तर मिरजेलाच न्यायचंय.

आता पोटाकडे या, कारण खरी गंमत तिथं आहे. गॅस झाला की जी कॅप्सूल मिळते, तिच्यात पुष्कळदा ॲसिडिटीच्या औषधाला लेवोसल्पिराइड जोडलेलं असतं. हेही मूळचं मनोविकाराचंच औषध. आपल्याकडे ते पोटासाठी रीतसर विकलं जातं, म्हणजे हद्द ओलांडली असंही म्हणता येत नाही. हद्दीचा दगडच सरकवलाय. तेव्हा दहा दिवसांची कॅप्सूल दोन वर्षं चालू ठेवा. आज्जीचा हात थरथरेल, पाऊल फरफटेल. कॅप्सूलला दोष न देता कंपवाताची गोळी सुरू करा. तिनं आज्जीला भिंतीवर माणसं दिसायला लागली, की ती माणसं घालवायला पुन्हा पंचवीसवाली आहेच. सुनेची पाळी याच कॅप्सूलनं थांबली तर सासूनं पेढे आणावेत. तपासणीचा खर्च वाचतो.

क्वेटियापिनच्याच जातीची ओलान्झापिन चालू असेल तर भूक उघडते. कुंद्याचा डबा आज्जी एका बैठकीत संपवेल. कौतुक करा. वजन, साखर, कोलेस्टेरॉल बघायच्या भानगडीत पडू नका. आणि कंटाळा आला की डॉक्टरला न विचारता सगळं एका दिवसात बंद करा. झोप उडेल, मळमळेल, जीव कासावीस होईल. मग "बघा, गोळीशिवाय चालतच नाही" म्हणायला तुम्ही मोकळे.

आमच्या गल्लीत हा उपाय लागू पडलाय. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी निघते, आणि समोरच्या आज्जी दरवर्षी गॅलरीत उभ्या राहून पोरांपेक्षा मोठ्यानं घोषणा देतात. यंदा फेरी दारावरून गेली. आज्जी आत खुर्चीत होत्या. जबडा तेवढा चघळल्यासारखा हलत होता, तोंडात काही नसताना.

"किती शांत झाल्या ओ," शेजारीण म्हणाली.

"मग! गोळी चांगली आहे," सून म्हणाली, आणि नाव लिहून दिलं.