शब्द पाठ कशाला करायचे म्हणे!

आज ऑफिसात डबा खाताना बॅगेतून रुमाल काढायला गेले आणि माझा कार्डांचा गठ्ठा टेबलावर सांडला. रबरबँड तुटलं होतं. आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलाने एक कार्ड उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, मॅडम हे काय? म्हटलं लॅटिनचे शब्द आहेत, पाठ करते, रोमन कविता वाचायला लागतात. तर म्हणे, "पाठ कशाला? मोबाइल धरला की दोन सेकंदात अख्खी कविता मराठीत येते." सगळे हसले. एकजण म्हणाला मॅडम अजून पाढेच म्हणतायत. मी काही बोलले नाही, कार्डं गोळा केली आणि गार पोळी तशीच संपवली. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि ते हसणं काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

त्याने जे कार्ड उचललं होतं ना, ते नेमकं नेक्वीक्वमचं होतं.

ही कार्डं मी जुन्या लग्नपत्रिकांची कापते. पुढच्या बाजूला अर्धा गणपती किंवा "आमचे येथे श्रीकृपेकरून" असतं, मागे कोऱ्या बाजूला निळ्या पेनाने शब्द, लाल पेनाने लिंग, खाली मराठी अर्थ. इंग्रजी अर्थ मी लिहीतच नाही, कशाला लिहू? नेक्वीक्वमखाली लिहिलंय: व्यर्थ, उगाच, काही उपयोग नाही. हे कार्ड मी 2020 च्या दिवाळीत केलं. लोकलमध्ये, दुधाच्या रांगेत, डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना नेक्वीक्वम व्यर्थ, नेक्वीक्वम उगाच असं घोकलं, तेव्हा तो नुसता एक शब्द होता, शंभरातला एक.

लॅटिनचं वेड मला दादाने लावलं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून त्याने एक जुनं लॅटिन प्रायमर आणलं होतं, पहिली पानं फाटलेली, आणि म्हणाला होता तुझं संस्कृत आहे, तुला जमेल हे. आणि खरंच, पहिले काही आठवडे माहेरी आल्यासारखं वाटत होतं. इग्निस म्हणजे अग्नि, देन्तेस म्हणजे दंत, विदुआ म्हणजे विधवा, वेहो म्हणजे आपला वह् धातू, आणि युगुम म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू! पण ते माहेरपण लवकर संपतं बरं का. एका कवितेत तुली आलं, अर्धा तास शोधत बसले, नंतर कळलं की ते फेरो या धातूचं भूतकाळाचं रूप आहे. फेरो, फेर्रे, तुली, लातुम, एकाच क्रियापदाची ही चार रूपं, ती चारही एकत्र पाठ नसतील तर कोश समोर उघडा असून उपयोग शून्य. लेविस म्हणजे हलकं, आणि तोच शब्द ए दीर्घ केला तर गुळगुळीत, छापताना दोन्ही एकसारखेच दिसतात. हे काय आपोआप "संदर्भाने कळत जातं"? असं सांगणारे लोक भेटले की माझं डोकं फिरतं. संदर्भ कळायला आजूबाजूचे शब्द तर यायला हवेत ना आधी!

हो, मान्य आहे, मीही पहिलं वर्ष पर्सियस नावाच्या लॅटिन ग्रंथांच्या साइटवर एकेका शब्दावर क्लिक करतच काढलं आणि ती सोय नसती तर सोडून दिलं असतं. आणि हेही मान्य की नुसती यादी घोकून कविता येत नाही, डिकिन्सन कॉलेजची साधारण हजार शब्दांची यादी फुकट मिळते, ती मी पूर्ण पाठ केली आणि तरी व्हर्जिलच्या दुसऱ्याच ओळीला अडखळले. पण म्हणून यादी फेकून द्यायची का? पोहायला येण्यासाठी फक्त हात मारून भागत नाही म्हणून कुणी हात मारायचेच सोडून देतं का?

तर दादा. दादा एप्रिल 2021 ला नागपुरात गेला. तेव्हा काय दिवस होते ते तुम्हा सगळ्यांना माहितीये, मी ठाण्यात, जाता आलं नाही. सगळं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि तेही मध्येच कट झालं. नंतर जाऊ दिलं तेव्हा रामटेकला आंबाळा तलावावर आम्ही गेलो, मडक्यातल्या राखेशी मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पुढच्या वर्षी मी कॅटलस हा रोमन कवी वाचायला घेतला. त्याची 101 नंबरची कविता, 10 ओळींची. त्याचा भाऊ ट्रॉयजवळ कुठेतरी वारला, तिथेच पुरला. कॅटलस ख्रिस्तपूर्व 57 मध्ये एका गव्हर्नरबरोबर बिथिनिया या रोमन प्रांतात गेला होता, त्याच प्रवासात तो भावाच्या थडग्यापाशी गेला असं मानतात. सुरुवात अशी आहे: मुल्तास पेर गेन्तेस एत मुल्ता पेर ऐक्वोरा वेक्तुस. कितीतरी देशांतून, कितीतरी समुद्रांवरून वाहून आलो. वेक्तुस, परत आपला वह्. दुसऱ्या ओळीत इन्फेरियास. कोशात याला चांगला अर्धा परिच्छेद दिलाय, मृतांसाठी थडग्यापाशी करायचे विधी, अर्पणं वगैरे. आपल्याला एवढं वाचायची गरज आहे का? पिंड ठेवलेत, कावळ्याची वाट बघतायत, आपण हे लहानपणापासून पाहत आलोय. पुढे तो म्हणतोच की पूर्वजांच्या जुन्या रीतीप्रमाणे हे आणलंय. दहा ओळींत तीनदा हाक मारतो, फ्रातेर. भ्रातर्. दादा.

आणि मग चौथी ओळ. एत मूतम नेक्वीक्वम अद्लोक्वेरेर किनेरेम.

आता ही ओळ मी कशी वाचली ते सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. एत, आणि. मूतम, मुकी, स्त्रीलिंग. कोण मुकी? इथे तर कोणी बाई नाही. लॅटिनमध्ये विशेषण एकीकडे आणि नाम पार ओळीच्या दुसऱ्या टोकाला असं चालतं, आपल्या संस्कृतसारखंच, त्यामुळे ते "मुकी" हातात धरून पुढे जायचं. नेक्वीक्वम. व्यर्थ, उगाच, काही उपयोग नाही. अद्लोक्वेरेर, मी बोलावं. मुकी, उगाच, मी बोलावं, कुणाशी? आणि शेवटचा शब्द, किनेरेम. राख. माझ्या कार्डावर किनिस या त्याच्या मूळ रूपासमोर लाल पेनाने पु. लिहिलंय, कारण तो सहसा पुल्लिंगी चालवतात. कॅटलसने इथे स्त्रीलिंगी घेतलाय, म्हणून शेवटच्या शब्दापर्यंत मला अंदाजच आला नाही. मी कुठेही थांबले नाही, कोश उघडला नाही, पाचही शब्द मला येत होते. आणि मी ठाणे स्टेशनच्या पुलावर उभी राहून रडले, लोक धक्के मारून जात होते.

मोबाइल धरला असता तर काय आलं असतं? "आणि तुझ्या मुक्या राखेशी व्यर्थ बोलावं." बरोबर आहे अर्थ. काही चूक नाही त्यात. पण राख आधीच येऊन बसली असती हो! ती वाट बघणं, ते मुकी मुकी म्हणत चार शब्द चालणं, ते कुठे गेलं? दर शब्दाला थांबून क्लिक केलं तरी तेच, ओळ तुकड्या तुकड्यात हाती येते. शब्द आधीपासून डोक्यात असेल तरच तो कवीने ठेवलाय त्या जागी, त्या क्षणी येऊन लागतो.

आणि पाठांतराला हसणारे आपण कोण? अर्थ कळायच्या आधी रामरक्षा पाठ केलेली माणसं आपण. माझ्या आजोबांना अमरकोश पाठ होता, सकाळी अंगणात फेऱ्या मारत म्हणायचे, "समुद्रोऽब्धिरकूपारः पारावारः सरित्पतिः". मी तेव्हा विचारायचे, एका समुद्राला इतकी नावं कशाला लागतात? त्याचं उत्तर मला लॅटिनमध्ये मिळालं. तिथेही मारे, पोन्तुस, पेलागुस, ऐक्वोर, अशी रांग आहे. कॅटलसला अनेकवचन हवंय, मारेचं होतं मारिआ, तीन लघु, म्हणजे न गण. आणि या पहिल्या ओळीचं वृत्त म्हणजे सहा वेळा भ गण, म्हणजे गुरू लघु लघु, किंवा त्याच्या जागी दोन गुरू, शेवटची जागा तेवढी दोनच अक्षरांची. त्यात मारिआ सरळ बसतच नाही. ऐक्वोरा गुरू लघु लघु, चपखल. वर ऐक्वोरचा मूळ अर्थ सपाट पसरलेलं, म्हणजे नुसता समुद्र नाही, नजर पोचेल तिथपर्यंत सपाट पाणी आणि पलीकडे भाऊ. हे चारही शब्द वेगवेगळे पाठ असल्याशिवाय त्याने यातला हाच का निवडला हे कसं कळणार? भाषांतरात सगळ्यांचं एकच, समुद्र.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. तो मुलगा वाईट नाहीये. कार्डं गोळा करायला खाली वाकला तो एकटाच होता, बाकीचे बसूनच होते. त्याला कुणी असं काही पाठ करायला दिलंच नसेल, जे पुढे कधीतरी उपयोगी पडेल. त्याच्या हातात ते कार्ड होतं तेव्हा मी सांगायला हवं होतं की हा शब्द वाच, अर्थ वाच आणि ठेव खिशात. नाही सांगितलं. उद्या सांगीन कदाचित.

पण त्या हसणाऱ्यांना मी माफ केलेलं नाहीये अजून, ते राहू दे.

ओव्हिड सुरू करतेय पुढच्या महिन्यात, निदान चारशे नवीन कार्डं लागतील. घरातल्या पत्रिका संपल्यात. कुणाकडे गेल्या सीझनच्या पडून असतील तर रद्दीत टाकू नका, मागची बाजू कोरी असलेल्या हव्यात, चकचकीत नकोत, त्यावर शाई पसरते. ठाणे, मुलुंड, डोंबिवलीपर्यंत मी येऊन घेऊन जाईन.