२५२० ही संख्या एकमेव नाही, आणि गूढही नाही

नाशिकरोडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप समूहावर दर काही महिन्यांनी एक संदेश परत येतो. १ ते १० या सर्व संख्यांनी पूर्ण भाग जाणारी संख्या असूच शकत नाही असे गणितज्ञ मानत होते. रामानुजन यांनी २५२० ही अशी एकमेव संख्या शोधली. आणि तिचे रहस्य आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांच्या गुणाकारात आहे, असे त्यात म्हटलेले असते.

'एकमेव' हा शब्द साफ चुकीचा आहे. ५०४०, ७५६०, १००८० अशा २५२० च्या प्रत्येक पटीला १ ते १० ने पूर्ण भाग जातो. एक लाखाच्या आतच अशा ३९ संख्या आहेत. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे शाळेत शिकलेला लसावि.

गणितज्ञ अशी संख्या अशक्य मानत होते म्हणावे, तर लसावि काढण्याची रीत युक्लिडला ठाऊक होती, आणि नवव्या शतकात महावीराचार्यांनी त्याला 'निरुद्ध' असे नावही दिले होते. रामानुजन यांचा या संख्येशी संबंध आहे, पण निराळा. २५२० ला ४८ विभाजक आहेत आणि तिच्याहून लहान कोणत्याही संख्येला तितके नाहीत. अशा संख्यांचा सखोल अभ्यास त्यांनी १९१५ च्या शोधनिबंधात केला. तो खरा पराक्रम सोडून पाचवी-सहावीतले उदाहरण त्यांच्या नावावर का खपवावे, हे मला कळत नाही.

७ × ३० × १२ = २५२० हा गुणाकार मात्र बरोबर आहे; चुकीचा आहे तो त्यातून काढलेला अर्थ. १ ते १० साठी लागतात ८, ९, ५ आणि ७ एवढेच अवयव. ३० गुणिले १२ म्हणजे ३६०, आणि त्यात ८, ९ व ५ आयतेच येतात. उरलेला ७ आठवड्याने पुरवला. शिवाय आपल्या पंचांगातले चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे असते, म्हणून तर अधिक मास घालावा लागतो. ३६० दिवसांचे वर्ष यांपैकी कुठलेच नाही. यादी पुढे वाढवली की कालगणनेचा आधार लगेच सुटतो: ११ पर्यंत नेल्यास लसावि २७७२० होतो, १२ ला तो तेवढाच राहतो, कारण १२ चे ४ आणि ३ हे अवयव त्यात आधीपासूनच आहेत, १३ ला ३६०३६० होतो आणि २० पर्यंत पोचता पोचता २३,२७,९२,५६० वर जातो. नवी अविभाज्य संख्या किंवा तिचा घात आला तरच तो वाढतो.

नवलच हवे असेल, तर ते शेजारच्या देवळालीत आहे. तेथील शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांच्या रीतीने २५२० चे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत जावे: ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, आणि सहाव्या वजाबाकीला ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तरी या रीतीने शेवटी ६१७४ वरच येऊन थांबते.