गाजराचा रंग आणि कधीच न झालेला राजा

थंडी पडली, मंडईत गाजरं आली की घरोघरच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘गाजरं मुळात जांभळी होती. 17व्या शतकात डच शेतकऱ्यांनी आपला राजा विल्यम ऑफ ऑरेंज याच्या सन्मानार्थ ती नारिंगी केली.’ यातला ‘राजा’ हा शब्द मला सगळ्यांत जास्त खटकतो.

विल्यम राजा नव्हताच. 1559 मध्ये स्पेनचा राजा दुसरा फिलिप, ज्याची तेव्हा नेदरलँड्सवरही सत्ता होती, त्याने विल्यमला हॉलंड, झीलंड आणि उट्रेख्त प्रांतांचा ‘स्टाटहाउडर’ नेमलं, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा. 1568 पासून तो त्याच राजाशी लढला. सैन्याच्या खर्चासाठी त्याने घरची चांदी आणि दागिने विकले. 1580 मध्ये फिलिपने त्याच्या डोक्यावर 25,000 सोन्याच्या क्राउनचं बक्षीस लावलं. 10 जुलै 1584 रोजी डेल्फ्टमध्ये, जेवण आटोपून बाहेर पडताना, बाल्टासार जेरार या फिलिपच्या समर्थकाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. भिंतीतल्या त्या खुणा आजही जपून ठेवल्या आहेत. राजसत्तेविरुद्धच्या लढ्यात ज्याने जीव दिला, त्यालाच राजा म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

‘राजा नसेना का, गादी तर वंशपरंपरेने चालत होती ना?’ तेही नाही. 1581 मध्ये फिलिपला झुगारल्यावर स्टाटहाउडर नेमायचा की नाही, हे प्रांतांच्या सभा ठरवू लागल्या. 1650 मध्ये त्याचा नातू, स्टाटहाउडर दुसरा विल्यम, 24व्या वर्षी वारला आणि आठ दिवसांनी त्याला मुलगा झाला. राजघराण्यात या तान्ह्यालाच गादीवर बसवलं असतं. हॉलंडसह बहुतेक प्रांतांनी मात्र 22 वर्षं ते पद रिकामं ठेवलं. 1702 ते 1747 पुन्हा तेच. सगळ्या प्रांतांत हे पद वंशपरंपरागत झालं ते 1747 मध्ये, आणि घराण्यातला नेदरलँड्सचा पहिला राजा झाला 1815 मध्ये.

आता ‘ऑरेंज’. हे दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज या गावाचं नाव, आणि ते आलं ‘अराउसिओ’ या प्राचीन नावावरून. फळाशी त्याचा मुळात संबंध नाही. फळाचं नाव आपल्या ‘नारंग’पासून फारसी-अरबीमार्गे युरोपात गेलं. दोन शब्द उच्चाराने जुळले आणि घराण्याने तो रंग आपलासा केला. अकरा वर्षांच्या विल्यमला ही जहागीर 1544 मध्ये चुलतभावाकडून वारशाने मिळाली, तोवर तो जर्मनीतल्या डिलेनबुर्गचा मुलगा होता.

राहिलं गाजर. दहाव्या शतकात इराण-अफगाणिस्तानच्या पट्ट्यात जांभळी आणि पिवळी अशी दोन्ही गाजरं होती. ‘17व्या शतकात’ हेही टिकत नाही: 1560च्या दशकातल्या अँटवर्पच्या बाजारचित्रांत नारिंगी गाजरं दिसतात, विल्यम जिवंत असताना. ती कुणाच्या सन्मानार्थ पिकवली, असं सांगणारा त्या काळातला पुरावा नाही. डच माळ्यांनी चांगले नारिंगी वाण निवडून, सुधारून युरोपभर नेले, एवढं श्रेय त्यांना जरूर द्यावं.

रंगाचं राजकारण मात्र खरं होतं. 1780च्या दशकात स्टाटहाउडरविरोधी ‘पेट्रियट’ गटाचा जोर असलेल्या शहरांत नारिंगी फीत मिरवायलाच बंदी होती.