'नाइस' म्हणजे अडाणी? मग 'मस्त' म्हणजे काय हो?

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, दर दोन दिवसांनी कोणीतरी परत टाकतंच. "नाइस शब्द लॅटिनचा, खरा अर्थ अडाणी. इंग्रज नाइस म्हणून टोमणा मारतात. म्हणूनच इंग्रजीचे सर निबंधात तो खोडतात. कोणालाही नाइस म्हणू नका."

यातला लॅटिनचा भाग तेवढा खरा आहे. नेस्कियुस म्हणजे न जाणणारा, तिथून फ्रेंचमार्गे १३व्या शतकाच्या शेवटाला तो इंग्रजीत आला तेव्हा मूर्ख असाच अर्थ होता, मान्य. पण पुढे? पुढे नखरेल, मग चोखंदळ, मग नाजूक, काटेकोर असं करत करत १८व्या शतकात छान, सुखद या अर्थावर आला आणि आजही तोच चालतो. मधल्या अर्थाची खूण अजून आहे बरं का, नाइस डिस्टिंक्शन म्हणजे छान फरक नव्हे, बारीक फरक. फॉरवर्डवाले भाऊ पहिल्याच स्टेशनावर उतरले.

आणि मूळ अर्थ तोच "खरा" धरायचा तर आपलीच पंचाईत. मस्त फारसीतून आलाय, तिकडे अर्थ नशेत असलेला. हिवाळ्यात मळ्यात भरताची पार्टी, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, हिरवी मिरची-लसूण ठेचून घातलेला, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी, आणि आप्पा पहिला घास घेऊन म्हणतात "भरीत मस्त शे", तर काय वांगं पिऊन आलंय? राग घ्या, संस्कृतात रंग, प्रेम, आसक्ती. बायकोला म्हणा "मला तुझा राग येतो" आणि मग संस्कृतचा दाखला द्या, बघा जेवण मिळतं का.

टोमण्याचं म्हणाल तर तो सुरात असतो. "वा, फार छान केलंस!" यानेही माणूस सोलून निघतो, म्हणून छान ही शिवी होत नाही.

राहिले सर. ते खोडतात कारण पोरं हवा, शाळा, आजी, सगळ्याला नाइसच लावतात, वाचून काही कळत नाही. ही तक्रारही जुनीच. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थेंजर अ‍ॅबी'त, १८१७च्या शेवटी आलेल्या, नायक हेन्री टिल्नी याच सवयीवरून नायिका कॅथरिनची थट्टा करतो, दिवस नाइस, फिरणं नाइस, मुली नाइस. पूर्वीचा अर्थही सांगतो तो, नीटनेटकेपणा, नाजूकपणा, असा. अडाणी हा अर्थ त्याच्याही तोंडी नाही.