खुलासा : बुद्धिबळपटू फिशरचा ‘तो’ डाव

‘13 वर्षांच्या बॉबी फिशरने ज्युनिअर स्पर्धेत किंग्ज इंडियन (डाव सुरू करण्याची एक ठरलेली पद्धत) खेळून जिंकलेला डाव’ असं मीच रविवारी टाकलं होतं. ते चुकलं.

डाव ऑक्टोबर 1956 मधला, न्यूयॉर्कच्या रोझेनवाल्ड स्पर्धेतला. स्पर्धा मोठ्यांची, समोर 26 वर्षांचे डोनाल्ड बर्न. ज्युनिअर विजेतेपदामुळे फिशरला तिथे बोलावलं होतं, त्यातून माझा घोळ झाला.

ओपनिंग, म्हणजे सुरुवातीची पद्धतही किंग्ज इंडियन नव्हे, ग्रुनफेल्ड. काल पटावर पुन्हा मांडून पाहिलं : सुरुवात किंग्ज इंडियनसारखीच, पण पाचव्या खेळीला काळ्याने (म्हणजे फिशरने) वजिरापुढचं प्यादं थेट दोन घरं ढकललंय. किंग्ज इंडियनमध्ये ते सहसा एकच घर सरकतं. सतराव्या खेळीतलं वजिराचं बलिदान मात्र खरंच. (अजूनही अंगावर काटा येतो.)

जुना मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर हा खुलासाही पाठवा.