स्प्रिंगफील्ड सहलीबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आई-वडिलांना घेऊन आपण आमच्या शिकागो–स्प्रिंगफील्ड सहलीला आलात आणि नंतर वेळ काढून सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. आपल्या तक्रारी अशा: अब्राहम लिंकन यांचे घर पाहायला प्रवेशमूल्य नसताना आम्ही पैसे घेतले, घरातले बरेच सामान आणि लिंकन तरुणपणी जिथे राहिले त्या न्यू सेलम गावातल्या झोपड्या मूळच्या नाहीत, आणि मुलाच्या मुख्याध्यापकांना लिंकन यांनी लिहिलेल्या पत्राबद्दल वडिलांनी विचारले असता, त्याला पुरावा नसल्याचे आमच्या मार्गदर्शिकेने सांगितल्यामुळे त्यांचा हिरमोड झाला.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो. लिंकन यांचे थोरले चिरंजीव रॉबर्ट यांनी १८८७ साली हे घर इलिनॉय राज्याला देताना ते नीट राखावे आणि पाहणाऱ्यांकडून काहीही घेऊ नये, अशी अट घातली होती. आज घर सांभाळणारी राष्ट्रीय उद्यान सेवाही प्रवेशाचे पैसे घेत नाही. आमच्या पावतीत गाडी, जेवण आणि मराठी मार्गदर्शन एवढ्याचीच आकारणी आहे.

सामानाचे म्हणणे खरे आहे, आणि ते आम्ही गाडीतच सांगतो. ज्यांनी लिंकन दांपत्याचे लग्न लावले त्या पाद्री चार्ल्स ड्रेसर यांच्याकडून १८४४ साली घेतलेले हे घर म्हणजे लिंकन यांच्या मालकीचे आयुष्यातले एकमेव घर. त्या वेळी ते दीड मजल्याचे होते. पूर्ण दुसरा मजला पुढे १८५५-५६ मध्ये चढला. १८६१ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनला निघण्यापूर्वी कुटुंबाने बरेच फर्निचर विकले, आणि त्यातले जे घराच्या भाडेकरूंबरोबर शिकागोला गेले ते १८७१ च्या आगीत जळाले. म्हणून आज खोल्यांत काही वस्तू लिंकन कुटुंबाच्या आणि बाकीच्या त्या काळातल्या आहेत. जिन्याचा कठडा मात्र त्यांच्याच वेळचा आहे आणि त्याला हात लावायला मनाई नाही; गुडघ्यांमुळे एकेक पायरी जपून चढणारी आपली ज्येष्ठ मंडळी लिंकन ज्याला धरून चढत असत त्याच लाकडाचा आधार घेतात, हे मला फार मोलाचे वाटते. न्यू सेलम हे गाव तर लिंकन तिथून गेल्यानंतर काही वर्षांतच ओस पडले होते. आपण पाहिलेल्या झोपड्या विसाव्या शतकात पुन्हा उभारलेल्या आहेत. मूळची इमारत फक्त एक, पिंपे बनवणाऱ्या ऑनस्टॉट यांची कार्यशाळा.

पत्राचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या कित्येक पिढ्यांनी ते पत्र शाळेत वाचले, घरात भिंतीवर लावले. माझ्याही घरात ते होते. तरीही लिंकन यांच्या संग्रहित लेखनात ते नाही आणि त्याची मूळ प्रत कुठेही सापडलेली नाही. त्यांच्याच दारात उभे राहून ते त्यांचे आहे असे सांगणे मला मान्य नाही, आणि मार्गदर्शिकेने जे सांगितले ते माझ्या सूचनेनुसारच सांगितले.

पण त्यांनी खरोखर लिहिलेले एक पत्र आहे, आणि ते स्प्रिंगफील्डच्या मुक्कामातलेच आहे. १८६० च्या जुलैमध्ये, अध्यक्षपदाची उमेदवारी मिळालेली असताना, रॉबर्ट यांचा मित्र जॉर्ज लॅथम हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाल्याचे मुलाच्या पत्रातून त्यांना कळले. रॉबर्ट यांनाही आदल्या वर्षी तिथे प्रवेश मिळाला नव्हता. लिंकन यांनी २२ जुलैला जॉर्जला स्वतः पत्र लिहिले: ही बातमी कळून झाले तितके दुःख मला क्वचितच झाले असेल, पण खचू नकोस, प्रयत्न केला आहेस तर आता त्यात यश मिळवलेच पाहिजेस, सहज प्रवेश मिळालेल्या अनेकांपेक्षा तू पुढे अधिक चांगला विद्वान आणि अधिक यशस्वी माणूस होणार नाहीस, असे या तात्पुरत्या अपयशाने मुळीच सिद्ध होत नाही. उमेदवारीच्या धामधुमीत मुलाच्या मित्रासाठी एवढा वेळ काढणारा बाप आपल्या वडिलांना नक्की आवडेल, असे मला वाटते.

त्या दिवशी उद्यान सेवेच्या रेंजरबरोबर घर पाहण्याच्या फेरीची वेळ झाल्यामुळे हे पत्र वाचायचे राहिले, असे मार्गदर्शिकेने कळवले आहे. त्याचा आम्ही केलेला मराठी अनुवाद मोठ्या अक्षरांत छापलेला आहे. आपला पत्ता बुकिंगच्या ईमेलवर कळवल्यास वडिलांच्या नावे टपालाने पाठवतो.

आपला,
संचालक