घोटा सुजलाय? मग स्वस्थ बसू नका

श्रावणात, पाऊस चालू असताना, शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरलात ना? छान. घोटा मुरगळलाय, घटकाभरात टम्म होईल. आता ऐका.

सुजेला शत्रू माना. आत पेशी फाटल्या, त्यांचा ऐवज बाहेर सांडला, तो बघून पहाऱ्यावरच्या मास्ट पेशींनी हिस्टामाइन नावाचं रसायन सोडलं, बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या आणि आषाढातल्या जांभ्याच्या भिंतीसारख्या पाझरू लागल्या, म्हणून पाय लाल, गरम आणि जाड झाला, असं कुणी सांगेल. मनावर घेऊ नका. म्हणे पेशीतली ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया म्हणजे मूळचे जीवाणूच. त्यांचा डीएनए बाहेर आला की शरीराला वाटतं जंतू घुसले. कातडीवर ओरखडा नाही आणि आत ही धावपळ!

काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, गणपतीला चाकरमानी येतात तसे झुंडीने. फक्त यांना परतीचं तिकीट लागत नाही, बहुतेक तिथंच मरतात. मागून मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, येतात, मेलेल्यांना गिळून जागा साफ करतात, दुरुस्तीला हात घालतात.

एवढं काम चाललेलं असताना तुम्ही गप्प कसे बसणार? चोळा. खोबरेल कोमट करून, दोन्ही अंगठ्यांनी, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. पाझर वाढला तर आणखी चोळा. वर गरम विटेचा शेक. प्रोस्टाग्लँडिनं, म्हणजे दुखणं वाढवणारी शरीरातलीच रसायनं, दुखवून दुखवून सांगतायत, ‘पाय टेकू नको’. तुम्ही मुद्दाम टेका आणि रेंज मिळते त्या सड्यापर्यंत जाऊन या. मुंबईच्या भावाला फोटो पाठवायचाय ना!

(१८८२ साली मेचनिकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने इटलीतल्या मेसिनाच्या किनाऱ्यावर तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी बघतो तर फिरत्या पेशींनी काट्याला वेढा घातलेला. १९०८ साली नोबेलात वाटा मिळाला. किनारा आपल्यालाही आहे, काटेही आहेत. पण काटा रुतला की आपण पेशी बघत बसत नाही, बिब्याचा चटका देतो.)

चार-सहा दिवसांत सूज उतरायला लागेल. लगेच नारळ घेऊन आंबेहळदीचा लेप सांगणाऱ्या काकूंकडे जा. मॅक्रोफेजला नारळ देऊन काय उपयोग, त्याला सोलता कुठे येतो?